रेघ सापडली ती वेल्ड लाइनवरच

वास पहिल्यांदा आला तो अजिंठ्याच्या घाटात. जळगावहून संभाजीनगरला निघालं की पहूर, मग फर्दापूर, आणि फर्दापूर सोडलं की घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण मे महिना, दुपारचे दोन, गाडीत आम्ही पाच जण, मागे आंब्याची पेटी आणि बॅगा, एसी फुल, आणि बाहेर आमच्या खानदेशातला तो उन्हाळा की भुसावळला पारा ४६-४७ ला गेला तरी पेपरात पहिल्या पानावर येत नाही. दुसऱ्या वळणावर बायको म्हणाली काहीतरी जळल्यासारखा वास येतोय. मी म्हणलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. पण ट्रक पुढे निघून गेला आणि वास आमच्यासोबतच राहिला.

वर पोचल्यावर झाडाखाली गाडी लावली, बोनेट उघडलं. धूर नव्हता, इंजिनाच्या बाजूला मेनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या खाली मात्र ओलसर काळं काहीतरी चमकत होतं. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्या जवळ, आणि मी महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंग केलेली. कूलंटच्या बाटलीकडे नजर गेली तेव्हा पोटात गोळा आला. गुलाबी पाण्यावर तपकिरी साय आली होती, चहावर येते तशी.

तेल पाण्यात आलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, हेड गॅस्केट, इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग. ते गेलं म्हणजे हेड उघडा, घासून सपाट करा, पंधरा दिवस गाडी घरी नाही, आणि बिल ऐकून माणूस खाली बसतो. संभाजीनगरचं लग्न कसंबसं उरकलं, हळूहळू, एसी बंद ठेवून, दर तीस किलोमीटरला तेल बघत परत आलो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी दोन दिवस ठेवली आणि सांगितलं की ऑइल फिल्टरचं हाउसिंग बदलावं लागेल, पूर्ण असेंब्ली, कूलरसकट, आणि परत प्लास्टिकचंच, कारण दुसरं येतच नाही. म्हणलं, हे आठ-नऊ वर्षांत गेलं, नवीनही तेवढंच चालेल का? त्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला सर वॉरंटी सहा महिन्यांची आहे. त्याचा दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो सांगणार, पण मला राग आला आणि तो राग बरेच दिवस गेला नाही.

माझा राग जरा वेगळा होता हे सांगायला पाहिजे. मी स्वतः प्लास्टिकवाला आहे. जळगावच्या एमआयडीसीत मोल्डिंगच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून लागलो, आज शॉप फ्लोअर बघतो, एकवीस वर्षं झाली. आमचं गाव बाहेरच्यांना केळीचं आणि सोन्याचं म्हणून माहीत आहे, पण आतून ते प्लास्टिकचंही गाव आहे. पीव्हीसीचे पाइप, ठिबकच्या नळ्या, आणि चटया. देशभरातलं जुनं प्लास्टिक इथे येतं, धुतलं जातं, दळलं जातं, त्याचा दाणा होतो, दाण्याची पट्टी होते आणि पट्टीची चटई विणली जाते. माझ्या मुलीची फी, घराचा हप्ता, ही गाडीसुद्धा प्लास्टिकच्या पैशातली आहे. त्यामुळे कुणी ‘शेवटी प्लास्टिक ते प्लास्टिकच’ म्हणलं की मला लागतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन बघा, ठिबकची काळी नळी वर्षानुवर्षं उन्हात पडून असते, हात लावला तर चटका बसतो, पण ती तडकत नाही, कारण तिच्यात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक असतं, ते ऊन स्वतःवर घेतं आणि आतल्या पॉलिथिनला वाचवतं. तीच नळी बिनकाळ्याची करा, दोन-तीन उन्हाळ्यांत हातात चुरा येईल. कुठलं प्लास्टिक कुठे घालायचं हा सगळा खेळ आहे आणि तो खेळ आम्ही रोज खेळतो.

म्हणून मी गाडी सर्व्हिस सेंटरमधून काढली आणि आबांकडे नेली. आबा मूळ अमळनेरकडचे, अजिंठा चौफुलीच्या पुढे त्यांचं गॅरेज आहे, वय सत्तरीच्या जवळ, माझ्या वडिलांची राजदूत त्यांनीच सांभाळली. अजून अहिराणीतच बोलतात, समोर कलेक्टर असला तरी. त्यांनी कूलंटच्या बाटलीत बोट बुडवून बोट चोळून पाहिलं, इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का बघितलं, सायलेन्सरला पांढरा धूर आहे का बघितला. काहीच नव्हतं. मग म्हणाले, “तेल मझारथून जाई ऱ्हायनं भो. हेड खोलानी गरज नही शे.” म्हणजे तेल आतल्या आत जातंय, हेड उघडायची गरज नाही.

मला तेव्हा कळलं की या हाउसिंगचं काम किती नाजूक आहे. आपण ऑइल फिल्टर म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर तो गोल डबा येतो, खालून फिरवून काढायचा आणि नवीन लावायचा. जुन्या गाड्यांना तसाच असतो, पत्र्याचा. आता बऱ्याच इंजिनांना फक्त कागदाचं काडतूस बदलतात आणि त्याचं घर इंजिनाला कायमचं बोल्ट केलेलं असतं, त्या घराला हाउसिंग म्हणायचं. त्याच घराला ऑइल कूलर चिकटलेला, म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे शंभर-एकशेदहा डिग्रीचं तेल, पलीकडे नव्वदच्या वरचं कूलंट, आणि मधली भिंत तीन-चार मिलिमीटरची. सकाळी थंड इंजिन चालू केलं की तेलाचं प्रेशर चार-पाच बारपर्यंत चढतं, कूलंटचं एक-सव्वा बार. म्हणून चालू गाडीत भेग पडली की तेल पाण्यात ढकललं जातं. गाडी बंद केली की तेलाचं प्रेशर लगेच शून्य, पण गरम कूलंट अजून दाबात असतं, मग उलटी वाट, पाणी तेलात. आणि तेलात पाणी गेलं की बेअरिंगचं काय होतं ते सांगायला नको. आबांनी चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीचा नट काढून आधी ते बघितलं. तेल काळंच आलं, दुधाळ नव्हतं. त्या क्षणी मला देव आठवला, खरंच.

काम सुरू झालं रविवारी सकाळी सातला, उन्हाच्या आत. आबांना म्हणलं मी हाताखाली राहतो. बॅटरी काढली, हवेचा पाइप काढला, मग इनटेक मेनिफोल्ड. मेनिफोल्ड निघालं की हेडमधली हवेची भोकं उघडी पडतात, त्यात आबांनी पहिलं काम केलं ते स्वच्छ फडकी कोंबायचं. एक वॉशर आत पडला तर इंजिन गेलं. नंतर प्रेशर स्विचचा सॉकेट, कूलंटचे दोन पाइप, आणि शेवटी हाउसिंगचे बोल्ट. निघालं तेव्हा खालच्या खोबणीत तेल आणि धूळ मिळून चिखल झालेला, बोटभर जाड.

हाउसिंग माझ्या हातात आलं. कॉटन वेस्ट आणि डिझेलने पुसलं. आणि मग मी त्याच्याकडे गाडीवाला म्हणून बघायचं विसरलो.

काळा पार्ट, आत-बाहेर डझनभर भोकं, नळ्या, क्लिपा, बोल्टाचे कान, आणि हे सगळं एका शॉटमध्ये, एकाच भरणीत निघालेलं. ज्याने हा मोल्ड, म्हणजे साचा बनवला असेल त्याला मी मनातून हात जोडले, खरं सांगतो. हेच ओतीव धातूत करायचं म्हणजे ओतल्यावर प्रत्येक भोक मशीनवर न्यायचं, आटे पाडायचे, फेस म्हणजे बसायची बाजू सपाट करायची. इथे मिनिटभराच्या आसपास एक पार्ट, पडला की तयार, आणि वजन धातूच्या जवळपास निम्मं. कंपन्या प्लास्टिककडे का वळल्या याचं उत्तर त्या पार्टवरच लिहिलेलं होतं. बाजूला कोनी कंसात मटेरियलचा शिक्का, पीए६६-जीएफ३०, म्हणजे नायलॉन सहासष्ट आणि त्यात तीस टक्के काचेचे तंतू. हे नायलॉन १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या लॅबमध्ये वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली बनलं आणि १९३८ मध्ये ते बाजारात पहिल्यांदा आलं ते टूथब्रशचे केस म्हणून. दात घासण्यापासून इंजिनापर्यंत आलेलं हे मटेरियल, आणि आम्हीही ते चालवतो, थोडं, काही फिटिंगसाठी. लई नखरेल. हवेतलं पाणी पितं, म्हणून मशीनला घालण्याआधी ऐंशी डिग्रीला तीन-चार तास सुकवावं लागतं, नाहीतर पार्टवर चंदेरी रेषा उठतात. आणि मोल्डमधून निघाल्यावर इतकं कोरडं असतं की ठिसूळ, मग काही पार्ट आम्ही गरम पाण्यात बुडवून ठेवतो, पाणी पिऊन ते चिवट होतात. नवीन पोरांना हे खोटं वाटतं. आधी सुकवायचं, मग भिजवायचं.

शिक्क्याच्या बाजूला एक लहान गोल होता, कडेने एक ते बारा आकडे आणि मधे बाण. ही आमच्या धंद्यातली तारीख असते, मोल्डमध्ये एक छोटा इन्सर्ट बसवलेला असतो, महिना बदलला की स्क्रू ड्रायव्हरने बाण फिरवायचा. मधे १४, बाण नऊवर. सप्टेंबर २०१४. त्या महिन्यात मी नाइट शिफ्ट करत होतो, मुलगी चार महिन्यांची होती, आणि आमच्याकडेही दर एक तारखेला हा बाण फिरवायचं काम माझ्याकडेच होतं. त्याच महिन्यात कुठेतरी माझ्यासारख्याच एकाने दरवाजा उघडून हा पार्ट बाहेर काढला असेल, गरम, बोटांना सहन होईल न होईल इतका, कडेचं फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, सुरीने साफ करून ट्रेमध्ये ठेवला असेल. मी बराच वेळ तो गोल अंगठ्याने पुसत बसलो होतो असं आबा नंतर म्हणाले.

भेग शोधायला वेळ लागला नाही. उन्हाकडे तिरपं धरलं की दिसत होती, कूलंटच्या भोकाच्या कडेपासून निघून तेलाच्या कप्प्याकडे गेलेली, दीड इंचाची, केसासारखी. मी नखाने तपासली आणि गेट कुठे आहे ते पाहिलं. गेट म्हणजे जिथून वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरतं ती जागा, तिथे तोडल्याचा ठसा राहतो. गेट भोकाच्या बरोबर विरुद्ध बाजूला होतं, म्हणजे भेग पडली होती ती अगदी वेल्ड लाइनवर.

हे समजायला शेतातला पाट आठवा. पाटात दगड आला की पाणी दोन्ही बाजूंनी वळसा घालतं आणि दगडाच्या मागे परत एक होतं. मोल्डमध्ये भोक पाडायला जी पिन असते तो हा दगड. पण पाणी पाण्यात विरघळून जातं, प्लास्टिक तसं नाही, पिनेला वळसा घालेस्तोवर त्याचं तोंड गार पडायला लागलेलं असतं, दोन गार तोंडं एकमेकांना भिडतात आणि तिथे एक रेघ राहते. काचेचे तंतूही त्या रेघेशी आले की आडवे होतात, कुणी रेघ ओलांडून पलीकडे जात नाही. म्हणजे ज्या तंतूंच्या जिवावर हे नायलॉन एवढं मजबूत, तेच नेमके तिथे कामाला येत नाहीत, आणि तिथली ताकद जवळजवळ निम्मी राहते. वर रोज तापायचं, रोज निवायचं, एका अंगाला तेल, दुसऱ्या अंगाला कूलंट, म्हणजे गरम ग्लायकॉलचं पाणी जे नायलॉनची साखळी हळूहळू तोडतं. आणि बाहेर आमचा मे. नऊ वर्षं त्या रेघेने हे सोसलं. त्या पार्टवर मला राग धरवेना. ज्याने त्याला तिथे बसवलं आणि नंतर बदलायला परत तोच देतो म्हणाला, त्याच्यावरचा राग तेवढा राहिला.

आबा माझं तोंड बघून म्हणाले, “हाई तुना कारखानामा बनस का?”

म्हणलं, नाही आबा, पण बनला असता.

“मंग अ‍ॅल्युमिनियमनं भेटस का देख.”

आधी मला वाटलं इथेच करून घेऊ. एमआयडीसीत फाउंड्री आहे, लेथ आहेत, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या व्हीएमसी मशीन आहेत, ओळखी आहेत. पण फाउंड्रीवाल्या मित्रानेच थांबवलं. म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम ओतताना आत हवेचे बारीक बुडबुडे राहतात, बाहेरून पार्ट चांदीसारखा दिसेल आणि आतून स्पंज असेल, एका पार्टसाठी प्रेशर टेस्टिंगचं फिक्स्चर कोण बनवणार, आणि न तपासता बसवलंस तर तेल परत पाण्यातच. चांगला मित्र. त्याने धंदा सोडून खरं सांगितलं. मग दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या मार्केटमधून त्याच इंजिनाचं डायकास्टचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम दाबाने साच्यात भरून केलेलं हाउसिंग मागवलं, आठ दिवसांनी आलं, आणि भाव कंपनीच्या प्लास्टिकच्या असेंब्लीपेक्षा थोडा कमीच लागला.

धातू आला म्हणजे प्रश्न संपला असं समजू नका, मी उघडल्या उघडल्या त्यात पांढरं फडकं फिरवलं तर फडक्यावर चकचकीत कण. आटे पाडतानाचा बुरा आत राहिलेला. तो तसाच बसवला असता तर फिल्टरच्या पुढच्या वाटेने थेट बेअरिंगमध्ये गेला असता, कारण फिल्टरनंतरच्या तेलाला कुणी गाळत नाही. केरोसिनने तीनदा धुतलं, प्रत्येक भोकातून कंप्रेसरची हवा मारली, परत फडकं, चौथ्यांदा फडकं पांढरं निघालं तेव्हा बाजूला ठेवलं. फेसला सरळपट्टी लावून उजेडाकडे धरलं, फट नाही. सोबत आलेल्या ओ-रिंग, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्या, दाबून बघितल्या, मला त्या आवडल्या नाहीत, कडक होत्या, त्या फेकून व्हिटॉनच्या, तेल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराच्या आणल्या.

इंजिन ब्लॉकचा फेस साफ करायला आबांनी लोखंडी स्क्रॅपर उचलला तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि खिशातून प्लास्टिकची पट्टी काढून दिली, आमच्याच कारखान्यातल्या रिजेक्ट पार्टची, कडेला घासून धार केलेली. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडाचा एक ओरखडा म्हणजे गळतीची वाट, प्लास्टिक जुनं गॅस्केट काढतं आणि ब्लॉकला ओरखडत नाही. आबांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, वापरली, आणि मग स्वतःच्या टूलबॉक्समध्ये ठेवून दिली. मी मागितली नाही परत.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर, आडवे-तिडवे, टॉर्क रेंचने दहा न्यूटन मीटर. फिल्टरच्या झाकणाला पंचवीस, ते झाकणावरच कोरलेलं असतं. आबांची पिढी हाताच्या अंदाजावर कसते आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे, पण अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले, म्हणून त्यांनीही रेंचची टकटक ऐकून हात थांबवला.

कूलंटवर मी अडून बसलो. आपल्याकडे रेडिएटरला बोअरचं पाणी टाकायची सवय आहे, टपरीवर गाडी थांबली की कुणीतरी बाटली घेऊन येतं, माणुसकी म्हणून. पण आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा. प्लास्टिकला त्या पाण्याने एकवेळ फार फरक पडला नसता, अ‍ॅल्युमिनियमला पडतो, ते आतून खात जातं आणि क्षार कूलरच्या बारीक वाटा बुजवतात. म्हणून पूर्ण सिस्टिम धुतली, साय निघेपर्यंत पाच वेळा, आणि मग डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट. वरचा रबरी पाइप तेल पिऊन फुगला होता, हाताला मऊ, कूलंटच्या पाइपचं रबर पाण्यासाठी असतं, तेल त्याला सोसत नाही, तो पण बदलला. तेल आणि फिल्टर तर नवीन होतंच.

संध्याकाळी साडेसहाला चालू केली. पहिले तीन-चार सेकंद टॅपेटचा कटकट आवाज आला, तेलाचा लाल दिवा पेटलेला, आणि मी श्वास धरून उभा. मग दिवा विझला, आवाज मिटला. गाडी अर्धा तास चालू ठेवली, हवा काढली, पंखा दोनदा फिरून बंद झाला. हाउसिंगच्या कडेने टिश्यू पेपर फिरवला, कोरडा. आबांनी हात धुतले, चहा मागवला आणि पैसे घेताना पाचशे परत दिले. का विचारलं तर काही बोलले नाहीत.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. अजिंठ्याचा घाट कितीतरी वेळा चढलो, वर गेल्यावर अजूनही थांबतो, बोनेट उघडतो, टिश्यू फिरवतो. मुलगी म्हणते पप्पा आता पुरे.

जुनं हाउसिंग मी भंगारात दिलं नाही. तसंही ते चटईला चालणार नाही, चटईला पॉलिप्रॉपिलिन लागतं, काच भरलेलं नायलॉन त्या दाण्यात गेलं तर पट्टी तुटते. ते शॉप फ्लोअरवर माझ्या टेबलावर आहे. नवीन पोरगा लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो आणि सांगतो, भेग शोध, गेट शोध, आणि सांग भेग इथेच का पडली. मागच्या महिन्यात यावलकडचा एक आला, आयटीआय झालेला, कमी बोलणारा. त्याने पाच मिनिटं बघितलं, नखाने रेघ चाचपली, उत्तर बरोबर दिलं. मग विचारलं, “सर, आपल्या पाऊण इंची एल्बोला ही रेघ कुठे येते?” एल्बो म्हणजे पाइप वळवायचा कोपरा.

ट्रेमधून एक एल्बो उचलला, गरमच होता, खिडकीपाशी नेऊन दोघांनी तिरपा धरला. रेघ आट्यांच्या बरोबर मुळाशी होती, जिथे शेतकरी पान्हा लावून कसतो. सहा वर्षं तो मोल्ड चालू आहे. त्याच दुपारी मशीन थांबवली आणि टूलरूमवाल्याला बोलावलं, गेट किती सरकवता येईल ते मोजायला.